ट्रायबल आणि फ्युजन बेली डान्सचे पोशाख: काय शिवावं, काय जमवावं?

गोंडेवाली

नाचाच्या धाग्यात पोशाखाचा विषय निघाला आणि मूळ चर्चा भरकटली, म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

आधी एक गोष्ट बाजूला ठेवू. सिक्विनने चमचमणारी ब्रा, त्याच रंगाचा कमरपट्टा आणि खाली शिफॉनचा घागरा, हे जे बेली डान्स म्हटलं की डोळ्यांसमोर येतं, त्याला बेदला म्हणतात. बदिया मसाबनीने १९२६ मध्ये कैरोत काढलेल्या क्लबसारख्या ठिकाणी तो रुळला. छानच आहे, पण इथे त्याच्याबद्दल बोलायचं नाहीये.

ट्रायबल पोशाख म्हणजे कुठल्याही एका जमातीचा पोशाख नव्हे. तो अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास जमत गेलेला आहे. जमिला सलिमपूर यांनी १९६८ मध्ये 'बाल अनात' हा ताफा उभा केला. तो उत्तर कॅलिफोर्नियातल्या रेनेसाँ जत्रेत उघड्यावर, भर दिवसा नाचायचा. जुन्या काळाचा देखावा मांडणाऱ्या जत्रेत सिक्विन शोभले नसते. तिथे सुती कपडे, नाण्यांचे दागिने, पट्ट्यापट्ट्यांचे झगे, तलवारी, तबकं, साप असं सगळं होतं. जमिला तरुणपणी सर्कशीत कसरती करायच्या, तो हात इथे दिसतो. त्यांची शिष्या माशा आर्चर मूळची चित्रकार-शिल्पकार. तिने त्या पसाऱ्याला एकसारखं रूप दिलं. तिच्याकडे शिकलेल्या कॅरोलिना नेरिचिओने १९८७ मध्ये 'फॅटचान्सबेलीडान्स' हा ताफा सुरू केला आणि आज आपण ज्याला ट्रायबल पोशाख म्हणतो तो तिथे पक्का झाला: डोक्याला फेटा (पुढे त्याच्या जागी फुलं आली), पाठ उघडी असलेली चोळी, चोळीवर नाण्यांची ब्रा, खाली ढगळ पँटलून, त्यावर प्रचंड घेराचा घागरा, घागऱ्यावर झालरीची शाल आणि सगळ्यात वर गोंड्यांचा पट्टा.

फ्युजन यातूनच फुटलं. त्याच ताफ्यातून बाहेर पडलेल्या जिल पार्करने नव्वदच्या दशकात घागरा काढून टाकला आणि नुसत्या पँटवर पट्टा बांधला. मग रेचल ब्राइस, मार्डी लव्ह, झोई जेक्स यांनी ते जगभर नेलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा पोशाख दागिन्यांपासून नाही, हालचालीपासून सुरू करायचा. ट्रायबलमध्ये नाच गटाचा असतो आणि तोही आयत्या वेळी रचलेला. पुढची बाई हाताने किंवा मानेने खूण करते आणि मागच्या तिघी त्याच ठोक्याला तीच हालचाल पकडतात. तिथे चौघींचं मिळून एक मोठं चित्र दिसावं लागतं, म्हणून घेर, थर, वजन. फ्युजन बहुतेकदा एकटीने करायचं असतं आणि त्यात सगळी गंमत बरगड्यांच्या, पोटाच्या बारीक हालचालीत असते. तिथे तेच थर चढवले की नाच कापडात बुडतो. 'सेट' विकत घेण्याआधी आपण यातलं काय नाचतो हे ठरवा. बाकी जाणकारांनी भर घालावी. घागऱ्याचं गणित उसवणने लिहावं ही विनंती.

मी_प्रेक्षक

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: एवढं जड अंगावर घेऊन नाचायचं कशाला? फोटोत तर या बायका चालतं-बोलतं संग्रहालय दिसतात.

अनवाणी

@मी_प्रेक्षक, हसले. पण वजनाला काम असतं.

कंबर झटक्यात वर गेली की लांब गोंडा अर्धा क्षण मागे राहतो, मग उडतो, मग खाली येऊन थांबतो. कंबर हलली दोन इंच, प्रेक्षकाला दिसली हातभर. हलक्या कापडाच्या झालरीत हे होत नाही, ती नुसती फडफडते. नाण्यांचंही तसंच. शिमी (कंबरेची सलग, भराभर थरथर) करताना नाणी वाजली नाहीत तर मागच्या रांगेला काहीतरी थरथरतंय एवढंच कळतं.

आणि शिमीचं इंजिन गुडघ्यात असतं. गुडघे भराभर मागेपुढे होतात तेव्हा वर कंबर थरथरते. गुडघे दिसले की जादू गेली. म्हणून ट्रायबलमध्ये ढगळ पँटलून आणि घागरा, फ्युजनमध्ये गुडघ्यापासून रुंद होत जाणारी पँट. आमच्या गटात एकीने नवीन घट्ट लेगिंग्जवर नुसता पट्टा बांधून सराव केला, तर आम्ही सगळ्या तिच्या गुडघ्यांकडेच बघत होतो.

गटासाठी अजून एक. रांग तिरकी असते, नेतृत्व करणारी पुढे डावीकडे, सगळ्यांचं तोंड किंचित डाव्या कोपऱ्याकडे, म्हणजे मागच्यांना तिचा उजवा हात आणि उजवी कंबर दिसते. त्यामुळे बाह्या घट्ट हव्यात. भडक झालरवाली बाही असली की खूण वाचताच येत नाही. घागरा कितीही फुगवा, बाही फुगवू नका.

उसवण

गोंडेवालीने नाव घेतलं म्हणजे लिहायलाच हवं.

'२५ यार्डांचा घागरा' ऐकून लोक घाबरतात. २५ यार्ड म्हणजे जवळपास २३ मीटर, पण तो खालचा घेर आहे. तेवढं कापड लागत नाही. चार थरांचा घागरा धरू, प्रत्येक थर वरच्याच्या अडीच पट:

पहिला थर दीड मीटर (कमरेला नाडी, आणि नितंबांवरून सहज उतरायला हवा). दुसरा पावणेचार मीटर. तिसरा साधारण ९.४ मीटर. चौथा २३.४ मीटर. सगळ्या पट्ट्या मिळून ३८ मीटर. पट्टीची उंची शिवणीसकट २७ सेंमी धरली तर ११० सेंमी पन्ह्याच्या कापडात शेजारी शेजारी चार पट्ट्या बसतात. म्हणजे कापड साडेनऊ मीटर, चुकीला जागा ठेवून १० मीटर. शिवून झाल्यावर लांबी एक मीटरच्या आसपास येते. कमी उंचीच्या असाल तर पट्टी बारीक करा, थर कमी करू नका. थर कमी केले की चुण्या एकाच शिवणीत दाटतात आणि ती शिवण दोरखंडासारखी जाड होते.

कापड पातळ सुतीच. वॉइलचा घागरा किलोच्या आत बसतो, कँब्रिकचा किलोच्या वर जातो. गिरकी घेताना तो फरक खांद्याला नाही, कमरेला कळतो. सिंथेटिक पातळ कापड अंगाला चिकटतं, थांबल्यावर नीट खाली पडत नाही, पायांत लोंबतं.

२३ मीटरच्या चुण्या साध्या धावदोऱ्याने घालू नका. दोरा अर्ध्यात तुटतो आणि रडू येतं. बारीक सुतळीसारखा मजबूत दोरा कापडावर ठेवा, त्याच्यावरून मशिनची झिगझॅग टीप मारा (दोऱ्यात सुई घुसू द्यायची नाही), मग तो आतला दोरा ओढा. चुण्या लोण्यासारख्या सरकतात. आधी दोन्ही थरांवर चौथ्या-आठव्या हिश्शाच्या खुणा करून घ्या, नाहीतर सगळा घेर एका बाजूला गोळा होतो.

चोळीबद्दल: शिंप्याकडे नेहमीच्या ब्लाउजचं माप देऊन चालत नाही. या नाचात हात सतत खांद्याच्या वर असतात. साध्या ब्लाउजने हात वर केला की खालची कड छातीवर चढते. काखेत चौकोनी तुकडा हवा, तिरका बसवलेला, प्रौढ बाईला साधारण १० सेंमी बाजूचा. आणि ट्रायल घेताना आरशासमोर हात खाली सोडून उभं राहायचं नाही, दोन्ही हात वर करून गोल फिरायचं. पाठीला दोन नाड्या, एक मानेमागे, एक खाली. खालची नाडी बरगड्यांवर बसली पाहिजे.

गोंडेवाली

उसवण, दंडवत. हे कुठेतरी कायमचं चिकटवून ठेवायला हवं.

नाण्यांच्या ब्राचं मी लिहिते. कडक कपची साधी ब्रा घ्यायची आणि तिचे इलॅस्टिकचे पट्टे कापून टाकायचे. खांद्याचे आणि पाठीचे दोन्ही. नाण्यांचं वजन पडलं की इलॅस्टिक खाली ओघळतं. त्या जागी न ताणणारी जाड फीत किंवा कॅनव्हासची पट्टी, वरून कापड. खांद्याची पट्टी मानेमागे बांधायची की सरळ पाठीत न्यायची, हे तुमच्या मानेला विचारा. मला मानेवरची नको होते.

मग कप कापडाने मढवायचे. सुती कापड तिरकं धरून ताणत गेलं तर कपच्या गोलाईवर कमी चुण्या पडतात. जी एखादी पडेल ती खालच्या बाजूला वळवा, नाण्यांखाली झाकली जाते.

नाणी लावायला सुरुवात खालच्या कडेपासून. पहिली ओळ तळाला, दुसरी तिच्यावर अर्धी चढलेली, असं वर वर. म्हणजे प्रत्येक ओळीची भोकं आणि दोरा वरच्या ओळीखाली लपतात. वरून सुरुवात केली की सगळे टाके उघडे दिसतात. दोरा मेण लावलेला किंवा दात साफ करायचा फ्लॉस. नाण्याच्या भोकाची कड धारदार असते, साधा दोरा कापला जातो. प्रत्येक नाण्याला स्वतंत्र गाठ. एकाच दोऱ्यात वीस नाणी ओवली तर एक तुटलं की वीसही स्टेजवर, आणि आपण सगळ्या अनवाणी.

आतून अस्तर विसरू नका. ही नकली नाणी आणि 'जर्मन सिल्व्हर' म्हणून मिळणारा माल, दोन्हींत बहुतेकदा निकेल असतं, आणि निकेलने पुरळ उठणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. घाम आला की जास्तच. कमरपट्ट्याच्या आतून फेल्ट (नमद्यासारखं जाड कापड) लावा. कानातल्यांच्या तारेला, बांगडीच्या आतल्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात. ते उतरतं, पुन्हा लावायचं.

जुनेर

धातूचा विषय निघालाच आहे तर कुची दागिन्यांबद्दल. अफगाणिस्तान-पाकिस्तानातल्या भटक्या पश्तुन लोकांना कुची म्हणतात. त्यांच्याकडचे हे मोठे लोलक, रंगीत काचा, साखळ्या, घुंगरं, जुनी नाणी. पट्ट्यावर लावायच्या आधी प्रत्येक काच नखाने हलवून बघा. बसवलेल्या काचा कोरड्या डिंकासारख्या पदार्थावर असतात, नाचताना गळतात. मागची कड बोटाने फिरवून बघा. खरखरीत असेल तर कानस मारा, नाहीतर घागऱ्याचे दोरे ओढते.

आणि मला सगळ्यात प्रिय असलेलं कापड कुणीच काढलं नाही: आसिउट. मध्य इजिप्तमधल्या आसिउट शहराचं नाव. सुती किंवा लिननची षटकोनी जाळी, आणि त्यात चपट्या धातूची बारीक पट्टी हाताने ओवायची, दुमडायची, चेपायची, कापायची. असे हजारो ठिपके मिळून उंट, माणसं, त्रिकोण उमटतात. जाळी यंत्रावरची आहे, जॉन हीथकोटचं यंत्र १८०८-०९ चं, म्हणजे आज मिळणारं 'प्राचीन' म्हणून सांगितलेलं आसिउट किती प्राचीन असेल याचा अंदाज करा. १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडल्यावर इजिप्तच्या सगळ्याच गोष्टींची युरोप-अमेरिकेत लाट आली, तेव्हा या शाली तिकडे भरपूर गेल्या. जमिलांच्या ताफ्यातही ते कापड दिसतं.

हातात घेतलं की पहिल्यांदा कळतं ते वजन. पाण्यासारखं ओघळतं. नुसतं उभं राहिलं तरी अंगाला धरून खाली पडतं, म्हणून हालचाल आतून उमटल्यासारखी दिसते. हँगरवर कधीच टांगायचं नाही, जाळी स्वतःच्या वजनाने लांबते आणि परत येत नाही. गुंडाळून ठेवा. घड्या घातल्याच तर प्रत्येक वेळी वेगळ्या जागी. कात्री लावायच्या आधी दहादा विचार करा. जुन्या शालीचे ब्रा-कप केलेले पाहिले की पोटात कळ येते.

तिरकीधून

जुनेर यांच्या शेवटच्या वाक्यावरून पुढे. बंजारा पट्टे, कवड्या आणि आरसेकामाचे तुकडे, कच्छी भरतकाम, हे सगळं या पोशाखात पोत्याने वापरलं जातं. कुणीतरी स्वतःच्या अंगावरच्या चोळीसाठी भरलेला गळा कापून दुसऱ्याच्या ढुंगणावर लावायचा, हे मला पटत नाही. शिवाय कपाळावर टिकल्या, हनुवटीवर गोंदणाचे ठिपके रंगवायचे. ज्यांच्याकडून घेतलं त्या बायकांचं नावही कुणी घेत नाही.

जुनेर

@तिरकीधून, अर्धं पटलं. हनुवटीवरची ती चिन्हं उत्तर आफ्रिकेतल्या अमाझिघ (बर्बर) बायकांची आहेत, ती आयलायनरने काढणं मलाही नको वाटतं, आणि बऱ्याच नर्तकींनी ते सोडलं आहे. पण अंगावर वापरायला भरलेलं कापड फाटल्यावर त्याचा शाबूत भाग काढून दुसऱ्या कपड्यावर लावणं, हे त्या भरणाऱ्या बायका स्वतःच करत आल्या आहेत. चीड येते ती शाबूत घागरा पट्ट्यासाठी कापला जातो तेव्हा. फाटक्यातून काढा, किंवा नवीन भरून घ्या आणि भरणारीला तिचे पैसे द्या.

गोंडेवाली

नावांचा वाद तिकडे अमेरिकेतही झालाच आहे. २०२० मध्ये कॅरोलिनाने 'अमेरिकन ट्रायबल स्टाइल' हे नाव सोडून 'एफसीबीडी स्टाइल' (फॅटचान्सबेलीडान्सची आद्याक्षरं) घेतलं. फ्युजनवाल्या बऱ्याच जणी आता ट्रायबल शब्द न लावता नुसतं फ्युजन म्हणतात. 'जिप्सी' तर टाळाच, रोमा लोकांना ती शिवी वाटते. मी धाग्याच्या नावात ट्रायबल ठेवलं कारण शोधणारे अजून तोच शब्द टाकतात. पुढचा वाद हवा असेल तर वेगळा धागा काढू, इथे शिवण चालू दे.

नवखी

मी फ्युजन शिकतेय. पहिल्यांदाच स्टेजवर एकटी जायचंय. पोट उघडं ठेवायचा धीर होत नाही. कॉर्सेट घातला तर चालेल का? स्टीमपंक (जुना व्हिक्टोरियन थाट आणि वाफेच्या यंत्रांचा देखावा) प्रकारात बघितलाय, फार आवडला. आणि सगळं काळं ठेवायचा विचार आहे.

अनवाणी

@नवखी, हाडांचा (म्हणजे आत कडक पट्ट्या असलेला) कॉर्सेट घातलास तर पोटाची लाट विसर. आत तू जिवाच्या आकांताने करशील आणि बाहेर पाटी कोरी. तोच देखावा हवा असेल तर त्याच कापडाचं, पुढे बंद लावलेलं, बिनहाडाचं जाकीट शिव. बरगड्यांपर्यंत आखूड ठेव आणि खाली पोटावर अंगाच्या रंगाची किंवा काळी ताणणारी जाळी. जाळीतून हालचाल दिसते, कातडी दिसत नाही. ताणणारीच घे, साधी जाळी पोट आत गेलं की सुरकुतते.

बाकी पोट म्हणजे लपवायची गोष्ट, हे या नाचात कुणी मनावर घेत नाही. या ताफ्यांमध्ये सगळ्या वयाच्या, सगळ्या मापाच्या बायका पहिल्यापासून आहेत. पण धीर ज्याचा त्याला असतो, घाई नको.

उसवण

आणि सगळं काळं नको गं बाई. मागचा पडदाही काळाच असतो. लांबून तुझा चेहरा आणि दोन हात तेवढे तरंगताना दिसतील. काळं आवडतं तर ठेव, पण जे हलतं तिथे फिकट काहीतरी हवं: पट्ट्यावर कवड्यांची ओळ, पांढरट लोकरीचे गोंडे, मनगटाला धातू. ऑक्सिडाइज्ड दागिना हातात सुंदर दिसतो, दिव्याखाली विझतो. त्याचा उठावाचा भाग तेवढा कापडाने घासून उजळ.

पट्ट्याचं सांगते, कारण तुझ्या पोशाखात तोच मुख्य. सरळ पट्टी कापू नकोस. कंबरेखाली अंग खाली रुंद होत जातं, सरळ पट्टीची वरची कड सुटते आणि पट्टा उलटतो. आधी वर्तमानपत्र नितंबांवर गुंडाळ, वरच्या कडेला चिमटे घेत बसव, आलेली कमान हाच तुझा आकार. दोन थर जाड कॅनव्हास, वरून कापड, आतून फेल्ट. फेल्टने पट्टा घसरत नाही. हूक एका कडेला, पाठीत नको. पाठीत तुझा तुला लावता येणार नाही. बसून, वाकून, श्वास सोडून माप घे.

मी_प्रेक्षक

मी नाचणार नाही हे नक्की, पण एवढं वाचून वर्तमानपत्र गुंडाळून बघायचा मोह होतोय.

तिरकीधून

@मी_प्रेक्षक, फोटो टाका.

नवखी

खूप आभार सगळ्यांचे. आखूड जाकीट, जाळी, रुंद पँट आणि कवड्यांचा पट्टा ठरलं. कवड्यांना भोक कसं पाडतात? आणि गोंडे धुवायचे कसे? माझ्याकडच्या जुन्या गोंड्यांना वास येतोय.

गोंडेवाली

कवडीची पाठ, म्हणजे फुगीर बाजू, कानशीवर किंवा जाड सँडपेपरवर घासत जायची. थोड्या वेळाने तो फुगवटा उघडतो आणि कवडी सपाट बसते. मग सुई त्या उघड्या बाजूने घालून पुढच्या दातेरी फटीतून बाहेर काढायची, ड्रिलची गरजच नाही. घासताना ओलं करून घास आणि नाकाला रुमाल बांध, ती धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही. प्रत्येक कवडीला दोन टाके, एक वरच्या टोकाला, एक खालच्या.

गोंडे आधी पट्ट्यावरून काढ. (शक्यतो गोंडे हूकवर लावायची सवय ठेव, पट्टा धुता येत नाही.) ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून रंग उतरतो का बघ. उतरत असेल तर पाण्यात घालूच नकोस, वाऱ्यावर टांग. उतरत नसेल तर गार पाणी, थोडा शाम्पू, दाबून धू. चोळलंस की लोकरीचा नमदा होईल. टॉवेलात गुंडाळून पाणी काढ आणि टांगून सावलीत वाळव, वाळता वाळता बोटांनी सरळ करत राहा. वाळल्यावर एकदा नीट बघ, लोकरीला बारीक भोकं किंवा रेशमासारखी जाळी दिसली तर कसर लागली आहे. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही.

अनवाणी

आणि सेफ्टी पिना. पट्ट्याला आतून मोठ्या चार तरी, शालीला वेगळ्या. शिवाय एक मूठभर मागे विंगेत कुणाच्या तरी हातात.